वाडीचा संपर्क तुटतो तेव्हा : वीज, टॉवर, रस्ता तिन्ही बंद असताना निरोप बाहेर कसा काढायचा?

कातळ

मंडळी, सह्याद्रीच्या कुशीतल्या आणि कोकणातल्या लहान वाड्यांसाठी हा धागा काढतोय. तीस-चाळीस घरं, पावसात बेभरवशाचा रस्ता, टॉवर खाली गावात नाहीतर समोरच्या सोंडेवर.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात खांब आडवे झाले. वीज गेली आणि मागोमाग मोबाइल गेले. काही गावांत वीज परतायला आठवडे लागले. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, ते बाहेरच्या जगाला कळलं एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता. अशा वेळी पहिल्या तासात निरोप बाहेर पोचला की नाही यावर पुढचं सगळं ठरतं.

'कुठलं यंत्र घेऊ?' हा प्रश्न सगळेच आधी विचारतात. माझ्या मते आधी काय तुटतं ते समजून घ्यावं. टॉवर पडणं हे क्वचित घडतं. आधी महावितरणची वीज जाते, मग टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते. डिझेल जनित्र असलं तर डिझेल पोचवायला रस्ता नसतो. दुसरीकडे दरडीत नाहीतर खणकामात फायबर तुटते. तिसरी गोष्ट आपल्या घरातली, फोनच बंद पडलेला असतो. या तिन्हींना उत्तरं वेगवेगळी आहेत.

मोबाइल, फायबर, वायरलेस, उपग्रह, बॅटरी यांतलं ज्याला जे पक्कं माहीत आहे ते त्याने मापांसकट लिहावं. कायद्यात काय बसतं तेही लिहा, कारण या विषयात चुकीची वस्तू विकत घेतलेले लोक फार आहेत.

टॉवरखाली

मोबाइलचं मी लिहितो.

काड्या पूर्ण दिसतात पण फोन लागत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा टॉवरला वीज आहे पण मागची फायबर किंवा मायक्रोवेव्ह जोडणी मेली आहे. फोन त्या टॉवरला चिकटून बसतो. तिथे तासभर 'रीडायल' करून उपयोग नाही. असं करा :

१. विमान मोड लावा, दहा सेकंदांनी काढा. कधी कधी एवढ्यानेच दुसरा टॉवर मिळतो.
२. नेटवर्क निवड 'आपोआप' वरून काढून हाताने शोध घ्या. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात, धीर धरा.
३. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल असेल तर नेटवर्क प्रकार 'फक्त २जी' करून पाहा. ९०० मेगाहर्ट्झचा २जी सिग्नल डोंगराआड जास्त झिरपतो. जिओला २जी नाही, तिथे हा उपाय नाही.
४. सड्यावर किंवा खिंडीत जा, वेगळ्या दरीतला टॉवर दिसेल अशा बाजूला. शंभर मीटर चढण्यापेक्षा सोंड ओलांडून पलीकडे जाणं जास्त कामाचं.

पडद्यावर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसत असेल तर आपल्या कंपनीची रेंज नाही, दुसऱ्याची आहे. ११२ लावून पाहा, तो दुसऱ्याच्या टॉवरवरून जाऊ शकतो. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग एका कंपनीचे ग्राहक दुसरीच्या टॉवरवर चालू देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना वादळाच्या वेळी ओडिशात तसं केलं होतं. म्हणून सेटिंगमधलं 'रोमिंग' चालू ठेवा. ते बंद असेल तर दुसऱ्याच्या टॉवरवर इंटरनेट मिळणार नाही.

बोलणं होत नसेल तर एसएमएस. त्याला टॉवरशी सेकंदभराचं बोलणं पुरतं, आणि पुढचा माणूस रेंजमध्ये नसला तरी निरोप केंद्रात थांबून राहतो. 'पाठवता आला नाही' असं दिसलं तर त्याच जागी उभं राहून पुन्हा पाठवू नका, पन्नास पावलं सरका.

आणि प्रत्येक वाडीत दोन वेगळ्या कंपन्यांची सिम चालू हवीत. दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील तर त्याचा फायदा निम्माच. कुठली कंपनी कुठल्या डोंगरावर आहे ते उन्हाळ्यातच पाहून ठेवा.

निवडुंग

उपयुक्त. एक विचारतो, ते ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर कसे? आठ-दहा हजारांत छतावर अँटेना आणि आत डबा.

टॉवरखाली

@निवडुंग, घेऊ नका. परवान्याशिवाय असा रिपीटर लावणं बेकायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते शेजाऱ्यावर अन्याय करणारं यंत्र आहे. आतली आणि बाहेरची अँटेना जवळ असली की शिट्टी मारावी तसं यंत्र स्वतःलाच ऐकून ओरडत बसतं आणि टॉवरच्या कानात नुसता गोंगाट जातो. मग सगळ्या पंचक्रोशीचे फोन अडखळतात.

कायदेशीर मार्ग म्हणजे सिम घालायचा ४जी राउटर आणि त्याला बाहेरची दिशादर्शक अँटेना. इथे लोक केबलमध्ये मार खातात. आरजी-५८ ही बारीक केबल ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल खाते. दहा मीटर म्हणजे पाच डेसिबल, म्हणजे दोन तृतीयांश ताकद वाटेतच गेली. १८०० ला आणखी वाईट. एलएमआर-४०० जातीची जाड केबल तेवढ्याच अंतरात सव्वा-दीड डेसिबल खाते. त्याहून बरं म्हणजे राउटरच पावसाच्या डब्यात घालून अँटेनाशेजारी खांबावर ठेवायचा आणि खाली नेटवर्कची केबल आणायची, त्यातूनच वीज वर न्यायची.

दिशा लावताना काड्यांवर जाऊ नका. राउटरच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो. उणे ८५ उत्तम, उणे १०५ चालेल, उणे ११५ च्या खाली गेलात की पावसात तुटणार. अँटेना दहा अंशांनी फिरवा, अर्धा मिनिट थांबा, आकडा लिहून घ्या. घाईने फिरवली तर राउटरला नवा आकडा दाखवायलाच वेळ मिळत नाही.

पागोळी

ज्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत किंवा घरापर्यंत फायबर आली आहे तिथे एक मार्ग लोक विसरतात, तो म्हणजे वायफाय कॉलिंग. टॉवर मेला तरी फायबर जिवंत असेल तर जिओ, एअरटेल, व्हीआयचा फोन घरच्या वायफायवरून साधा कॉल लावतो, आपल्याच नंबरवरून. फोनच्या सिम सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' आजच चालू करून ठेवा. त्या वेळी शोधत बसू नका.

पूर्वीचा तांब्याच्या तारेचा फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्ट बॅटरीवर चालायचा, घरची वीज गेली तरी वाजायचा. फायबरचा डबा तसा नाही. त्याला घरातलीच वीज लागते, बहुतेकांना १२ व्होल्ट आणि ६ ते १० वॉट. त्यासाठी :

- १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद शिशाची बॅटरी ८४ वॉट-अवरची असते, पण निम्मीच वापरायची. ८ वॉटच्या डब्याला पाच तास.
- १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी २५६ वॉट-अवर, त्यातले दोनशेच्या वर मिळतात. अखंड चालवलं तर एक दिवस. दिवसातून सहा वेळा अर्धा-अर्धा तास चालवलं तर आठवडाभर.

बॅटरी थेट डब्याला जोडू नका. चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत जाते. काही डबे सोसतात, काही जळतात. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा कन्व्हर्टर घाला, आणि पिन लावण्याआधी मीटरने मधली बाजू धन आहे ना ते बघा.

दिव्यांची भाषाही घरातल्या दोघांना शिकवून ठेवा. 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला की प्रकाशच येत नाही, म्हणजे फायबर तुटली किंवा पलीकडच्या केंद्राची वीज गेली. 'पॉन' स्थिर हिरवा पण इंटरनेट नाही, तर बिघाड आणखी पुढे आहे. पहिल्या प्रकारात घरात काहीही करून उपयोग नसतो, बॅटरी वाचवा आणि दुसऱ्या मार्गाला लागा.

एक सावधगिरी. वायफायवरून ११२ लागेलच याची खात्री धरू नका, आणि लागला तरी तुमची जागा त्यांना नीट कळत नाही. तालुका नियंत्रण कक्ष, पोलीस ठाणे, प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे पूर्ण दहा आकडी नंबर कागदावर लिहून डब्याशेजारी चिकटवा.

सोनकी

उपग्रह फोनचं काय? नातेवाईक परदेशातून गार्मिन इनरीच आणतो म्हणतोय. आयफोनमध्येही म्हणे उपग्रहावरून एसओएस जातो.

बिनतारी

@सोनकी, आणू देऊ नका, विमानतळावरच अडकेल. भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या उपग्रह सेवा इथे चालत नाहीत, आणि इनरीच इरिडियमवर चालतं. गोव्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये इनरीच सापडल्याने परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. ते फिरायला आले होते, हेतू वाईट नव्हता, तरी कारवाई चुकली नाही. आयफोनची उपग्रह एसओएस सोय भारतात सुरू केलेली नाही, फोन परदेशातला असला तरी.

कायदेशीर उपग्रह फोन म्हणजे बीएसएनएलची इनमारसॅटवरची सेवा. तिला दूरसंचार विभागाची परवानगी लागते आणि ती प्रामुख्याने प्रशासन, पोलीस, आपत्ती दल, जहाजं अशांकडे असते. वाडीने तो विकत घेण्याचा विचार सोडावा. पण तहसील कार्यालयाकडे आहे का, पावसाळ्यात कुठल्या मंडळात ठेवतात, एवढं ग्रामसभेतून विचारायला हरकत नाही. हातात आलाच तर लक्षात ठेवा, हा उपग्रह विषुववृत्तावर स्थिर आहे, म्हणून आपल्याकडून दक्षिणेचं आकाश उघडं हवं. उत्तर उतारावरच्या घराच्या ओटीवरून तो लागणार नाही.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, पण परवाना मिळणं वेगळं आणि घरी अधिकृत जोडणी मिळणं वेगळं. परदेशातून आणलेली तबकडी इथे लावू नका.

निवडुंग

मग वॉकीटॉकी? त्या काळ्या, लांब अँटेनाच्या, ऑनलाइन दोन हजारात मिळायच्या.

बिनतारी

त्या बहुतेक हौशी रेडिओच्या पट्ट्यातल्या आणि त्याबाहेरही बोलू शकणाऱ्या असतात. परवान्याशिवाय वापरणं बेकायदा, आणि चुकून पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या वारंवारतेवर बटण दाबलं तर त्यांचंच बोलणं तुटतं. परवाना न लागणारे पर्याय असे :

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे संच. घेताना भारतातली उपकरण-मान्यता आहे का ते पाहा. उघड्या सड्यावर दोन-तीन किलोमीटर, झाडीत आणि वळणावर पाचशे मीटरसुद्धा कठीण. वरची वाडी ते खालची वाडी, नदीचा हा काठ ते तो काठ, एवढ्यासाठी छान.

२७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, ५ वॉटपर्यंत. नियमाप्रमाणे अँटेना संचातच बसवलेली हवी. लाट अकरा मीटरची आणि अँटेना वितीएवढी, त्यामुळे पल्ला कमीच.

८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, लोरा संचांसाठी, म्हणजे थोड्या विजेवर लहान लेखी निरोप दूरवर पाठवणाऱ्या यंत्रांसाठी. याबद्दल खाली कोणीतरी सविस्तर लिहा, खरी गंमत तिथे आहे.

आणि चौथा, परवाना काढून हौशी रेडिओ, म्हणजे हॅम. वय १२ पूर्ण हवं. अर्ज सरल संचार पोर्टलवर, परीक्षा दोन विषयांची : रेडिओचं तंत्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स लागतो. परीक्षेपासून परवाना हातात यायला महिने जातात, म्हणून यंदाच्या पावसासाठी हा उपाय नाही, पुढच्या पावसासाठी आहे. परवाना माणसाला मिळतो, वाडीला नाही. म्हणून एकाऐवजी दोघांनी द्यावी, शक्यतो एक शाळेतला शिक्षक आणि एक कायम वाडीत राहणारा.

मेळघाटी

आमच्या धारणी-चिखलदऱ्याकडे दरीत व्हीएचएफ (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) मुळीच निघत नाही. हातातला पाच वॉटचा संच समोरच्या टेकडीला धडकून बसतो. रिपीटर, म्हणजे आपलं बोलणं उंचावरून पुढे देणारं केंद्र, दिसेल अशी जागा दोन तासांच्या चढाईवर.

बिनतारी

@मेळघाटी, बरोबर. १४४ मेगाहर्ट्झ सरळ रेषेत जातं. दरीसाठी ७ मेगाहर्ट्झ, आणि अँटेना मुद्दाम बुटकी.

सगळे सांगतात अँटेना उंच लावा. इथे उलट करायचं. तारेचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन हातांची अँटेना) जमिनीपासून फक्त ३ ते ५ मीटरवर आडवा ताणला की लहर सरळ वर जाते, आयनमंडलावरून परतते आणि छत्रीसारखी चहूकडे तीनशे किलोमीटरपर्यंत खाली उतरते. मध्ये डोंगर असला तरी फरक पडत नाही, कारण लहर डोंगरावरून नाही, आकाशातून येते. सह्याद्री-सातपुड्यासाठी याहून चांगली गोष्ट नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

माप : १४३ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे मीटरमध्ये पूर्ण लांबी. ७.१ ला २०.१ मीटर, म्हणजे दोन हात १०.०५ मीटरचे. कापताना प्रत्येकी १०.३ मीटर कापा आणि टोकाला दुमडत दुमडत जुळवा. प्लास्टिक आवरणाची घरगुती तार वापरली तर ती थोडी आखूड लागते. मध्यभागी एकास एकचा बलून (केबल आणि तार जुळवणारा छोटा जोड), टोकांना पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि नायलॉन दोरी. तार ओल्या फांदीला टेकली की जुळणी बिघडते, पावसाळ्यातली सगळ्यात नेहमीची चूक ही. विजा असतील तर केबल संचातून काढून घराबाहेर टाका.

दिवसा ७ मेगाहर्ट्झ. रात्री तो कधी चालतो, कधी ३.५ च्या पट्ट्यात उतरावं लागतं. त्याची तार दुप्पट, जवळजवळ ४० मीटर, म्हणून ती आधीच ताणून ठेवा.

ताकद २० वॉट पुरते. फक्त ऐकतानाच संच तासाला अँपिअरभर खातो, चोवीस तास चालू ठेवला तर २४ अँपिअर-अवर नुसते ऐकण्यात जातील. म्हणून वेळ ठरवा, प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं. मग दिवसाला ऐकण्याचे चारच.

चकवा

लोराबद्दल मी लिहितो.

मेशटॅस्टिक नावाची मोफत प्रणाली आहे. बोटभर लांबीचं यंत्र ब्लूटूथने फोनला जोडायचं, फोनवर निरोप लिहायचा, एक यंत्र दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला पुढे देतं. टॉवर, सिम, इंटरनेट काही नको. सोंडेवरच्या दोन यंत्रांत काही आड नसेल तर दहा किलोमीटर सहज, रानात एक-दीड. म्हणून वाडीत एक, खिंडीत झाडावर किंवा मंदिराच्या शिखरावर एक, आणि खाली रेंज असलेल्या गावात एक, अशी साखळी. खालच्या यंत्रापाशी माणूस हवा, त्याने निरोप फोनवरून पुढे द्यायचा.

यंत्र निवडताना एनआरएफ५२ चिप बघा (उदाहरणार्थ रॅक ४६३१). ते साधारण १० मिलीअँपिअरवर चालतं, ३००० मिलीअँपिअर-अवरच्या एका सेलवर आठवडाभर टिकतं. ईएसपी३२ चिपवालं स्वस्त, पण ८० ते १०० खातं, सव्वा-दीड दिवसात संपतं. ते घरात ठेवा, खिंडीत नको.

काय काय बिघडतं :

अँटेना न लावता चालू केलं तर पाठवणारा भाग जळू शकतो. आधी अँटेना, मग बॅटरी.

प्रदेश निवडला नाही तर यंत्र पाठवतच नाही. सेटिंगमध्ये भारत निवडा, ते ८६५ च्या पट्ट्यात जातं. अँटेनाही ८६८ ची हवी. दुकानदार ४३३ ची देतो, दिसायला सारखीच.

उत्साहात सगळ्या यंत्रांना 'राउटर' करतात. मग सगळे एकाच वेळी पुढे ढकलायला बघतात आणि निरोप एकमेकांवर आदळतात. फक्त खिंडीतलं राउटर, बाकी साधी. उड्यांची (निरोप किती वेळा पुढे दिला जाईल त्याची) मर्यादा मूळची ३ असते, साखळी लांब असेल तर वाढवा, कमाल ७.

खिंडीतल्याला पॉवर बँक लावू नका. इतक्या कमी प्रवाहाला ती 'काही जोडलेलं नाही' समजून बंद होते.

पावसाचं पाणी अँटेनाच्या पेचातून शिरतं. स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी दोन वेढे, वरून साधी काळी टेप. डब्याच्या तळाला एक बारीक भोक ठेवा, नाहीतर आतली वाफ साचून राहते.

सोनकी

मराठीत निरोप जातो का? आमच्याकडच्या आज्यांना इंग्रजी यायचं नाही.

चकवा

जातो, पण जागा फार खातो. तिथे एका निरोपाला दोनशे बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. म्हणजे साधारण ६५ चिन्हं. एसएमएसलाही तसंच : रोमनमध्ये १६०, देवनागरीत ७०. लांब निरोपाचे तुकडे पडतात आणि कमजोर रेंजमध्ये त्यातला एक हरवतो. म्हणून तातडीचा निरोप मराठीतच पण रोमन अक्षरांत लिहायची सवय लावा. आजींसाठी ठरावीक निरोप आधीच साठवून ठेवा : 'दरड', 'सर्पदंश', 'बाळंतपण', 'पूल गेला', 'सगळे ठीक'. यादीत बोट ठेवलं की गेला.

कातळ

सगळ्यांचे आभार, फार मोलाचं लिहिताय. निरोपात काय असावं यावरही बोलायला हवं. नियंत्रण कक्षातल्या माणसाला आपली वाडी माहीत नसते, आणि एका तालुक्यात 'धनगरवाडा' चार-पाच असतात.

क्रम असा : ठिकाण, काय झालं, किती माणसं, वाट कुठून उघडी, पुन्हा कधी ऐकणार. उदाहरणार्थ : 'अमुकवाडी, ग्रामपंचायत तमुक, तालुका अमुक. दरड. ३ घरं. ११ माणसं बेपत्ता, ४ जखमी. साकव गेला, खिंडीतून पायी दीड तास. दर तासाला पहिली दहा मिनिटं फोन चालू.' शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर कक्षातली माणसं तुम्हाला उलट फोन करत राहतात आणि तुमचा फोन बॅटरी वाचवायला बंद असतो.

अक्षांश-रेखांश दशांशात द्या, चार दशांश स्थळं पुरेत, दहा-अकरा मीटरच्या आत येतं. घोटाळा होतो तो अंश-मिनिटांचा. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.३० नव्हे, १८.५०. एवढ्या चुकीत बचाव पथक बावीस किलोमीटर दूर जातं. वाडीचे आकडे समाजमंदिराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा.

जीपीएसला रेंज लागत नाही, पण रेंज नसताना फोनला उपग्रह शोधायला वेळ लागतो. उघड्यावर, फोन स्थिर ठेवून पाच-दहा मिनिटं द्या. झाडाखाली चालत चालत बघितलं तर आकडाच येत नाही.

नर्मदाकाठ

धडगावच्या नर्मदाकाठच्या गावांसाठी एक भर. तिथे फोन अनेकदा पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि ११२ त्या राज्यात जातो. सावंतवाडी-दोडामार्गला गोव्याचा, भामरागड-सिरोंच्याला छत्तीसगड-तेलंगणाचा, असं होऊ शकतं. घाबरून फोन ठेवू नका, 'महाराष्ट्र, जिल्हा अमुक' हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ मोबाइलवरून लावताना आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा : रत्नागिरीला ०२३५२, रायगडला ०२१४१, साताऱ्याला ०२१६२. रुग्णवाहिकेला १०८. साप चावला असेल तर त्याच वेळी आरोग्य केंद्रालाही फोन करून प्रतिविष शिल्लक आहे ना ते विचारा, नसेल तर वाटेतच गाडी ग्रामीण रुग्णालयाकडे वळवता येते.

भामरागडला पर्लकोटाच्या पुलावर पाणी आलं की रस्ता आणि फोन एकाच वेळी जातात. अशा ठिकाणी पाणी चढायला लागल्याबरोबर 'अजून ठीक आहोत, गरोदर बाया इतक्या, औषध लागणारे इतके' हा निरोप देऊन टाकावा. फोन गेल्यावर सुचून उपयोग नसतो.

दर्यासारंग

होडीवाल्यांसाठी थोडक्यात. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे मोबाइलवर विसंबू नका. सागरी व्हीएचएफ संच, चॅनल १६ कायम उघडा. लाल झाकणाखालचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की संकटाचा इशारा जातो, पण संचात बोटीचा नोंदणी आकडा भरलेला नसेल तर ते बटण मुकं. इस्रोने मच्छीमारांसाठी केलेलं डॅट यंत्र उपग्रहावरून तटरक्षक दलाच्या चेन्नईच्या केंद्राला कळवतं. नव्या पिढीच्या यंत्रात 'निरोप मिळाला' अशी पोचही येते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरहून एक लाख बोटींना ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून संपर्क ठेवणारं यंत्र) बसवायची योजना सुरू झाली, आपल्या मच्छीमार सोसायटीत विचारा. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.

पागोळी

विजेचा हिशेब राहिला होता.

पावसाळ्यात सौर पट्टीवर उन्हाळ्याचा हिशेब लावू नका. घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस ऊन नसतं. ५० वॉटच्या पट्टीकडून दिवसाला ४०-५० वॉट-अवर मिळतील असं धरून चाला. २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, चार्ज कंट्रोलर त्याच जातीवर लावलेला (शिशाच्या सेटिंगवर ठेवला तर तो अधूनमधून जास्त व्होल्ट देतो), आणि बॅटरीच्या धन टोकालगत १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज टाळू नका, ओल्या पडवीत तार घासली की आग लागते.

पॉवर बँकेवर २०००० लिहिलेलं असतं, ते ३.७ व्होल्टचं. बाहेर ५ व्होल्टला बारा-तेरा हजारच हाती येतात, म्हणजे स्मार्टफोन अडीच ते तीन वेळा. साधा कीपॅडचा फोन मात्र एका चार्जवर आठवडा काढतो, तो वाडीचा अधिकृत फोन करा. रेंज नसलेल्या दरीत कुठलाही फोन चालू ठेवला तर तो रेंज शोधत शोधत स्वतःला संपवतो. खाली उतरताना विमान मोड, खिंडीत पोचल्यावर काढायचा.

मोटारसायकलवरूनही चार्ज होतं, इंजिन चालू ठेवून. बंद गाडीवर रात्रभर लावलं तर सकाळी फोन चार्ज आणि गाडी बंद, आणि तीच गाडी रुग्ण न्यायला हवी असते.

रानवाट

ट्रेकर मंडळींसाठी : शिट्टी. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. रात्री टॉर्चनेही हेच. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन निघण्याआधी फोनमध्ये साठवा, आणि वाट व परतीची वेळ पायथ्याच्या घरात सांगून जा.

मेळघाटी

बिनतारी, बुटक्या तारेचं पटलं, करून बघू. चाचणी कधी घ्यावी?

बिनतारी

मे महिन्यात एकदा, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा, कारण ओल्या रानात सगळं वेगळं वागतं. पूर्ण चाचणी घ्या : मेन स्विच पाडा, स्मार्टफोन बंद करा, आणि वाडीतल्या ज्याने यंत्र बसवलं नाही अशा माणसाला सांगा, तालुक्यापर्यंत निरोप पोचव. किती मिनिटं लागली आणि कुठे अडला ते लिहून ठेवा. अडतो तो बहुतेक वेळा चावीपाशी. संच शाळेत, शाळेला कुलूप, चावी गुरुजींकडे आणि गुरुजी सुट्टीत गावी. दुसरी चावी शाळेशेजारच्या घरात ठेवा.

कातळ

@बिनतारी, चावीचं आणि नंबरांचं एकत्र करू. शाळा, समाजमंदिर आणि पाण्याच्या टाकीजवळच्या घरात एकच कागद लॅमिनेट करून : वाडीचे अक्षांश-रेखांश, नऊ-दहा नंबर, ऐकण्याच्या वेळा, चावी कुणाकडे. कागदाचा नमुना उद्या इथेच टाकतो, कमीजास्त असेल ते सुचवा.